मुंकने एकच चित्र सहा वेळा का काढलं? आणि त्यातलं ओरिजिनल कुठलं?

पेन्शनर_डोंबिवलीकर
नमस्कार मंडळी. हा धागा कुठल्या विभागात टाकायचा ते कळेना म्हणून इथेच टाकतोय, चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मे महिन्यात लेकीकडे ओस्लोला जाऊन आलो. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, शाळेत एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला 'सी' ग्रेड मिळाली आणि तिथेच आमची कला संपली. पण जावयांनी तिकिटं काढून ठेवलेली, त्यामुळे दोन दिवस म्युझियम एके म्युझियम. पहिल्या दिवशी त्यांचं नॅशनल म्युझियम बघितलं. तिथे एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराचं 'आजारी मूल' म्हणून चित्र आहे (मी आपलं स्पेलिंग बघून चॉकलेटसारखं 'मंच' म्हणत होतो, लेकीने चारचौघांत दटावलं). लाल केसांची एक मुलगी, पाठीशी ही भलीमोठी पांढरी उशी, शेजारी एक बाई मान खाली घालून बसलेली, तिचा चेहरा दिसतच नाही. लांबून बघितलं तेव्हा पोटात कालवलं खरं, पण जवळ गेलो तर चित्रभर ओरखडे, उभे आडवे, कुणीतरी ब्रशच्या मागच्या टोकाने रागारागाने ओढल्यासारखे. मला वाटलं वाहतुकीत खराब झालं असेल. लेक म्हणाली नाही बाबा, ते त्यानेच केलंय.

दुसऱ्या दिवशी मुंक म्युझियम, समुद्राला लागून तेरा मजली इमारत आहे. आणि तिथे बघतो तर तीच मुलगी! तीच उशी, तीच बाई, रंग तेवढे वेगळे. पुढे छापील चित्रांच्या दालनात परत तीच, आता नुसतं डोकं आणि उशी, एकदा लालभडक आणि एकदा पिवळट. म्हटलं ही बाळी काही पाठ सोडत नाही. लेकीने सांगितलं की रंगवलेली एकूण सहा आहेत, काही स्वीडनमध्ये, एक लंडनला. त्याच्या त्या प्रसिद्ध 'किंकाळी'चं (द स्क्रीम) पण तेच, तीन प्रकार ठेवलेत आणि उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून एका वेळी एकच उघडं असतं, बाकीचे दोन दाराआड. आमच्या वाट्याला काळापांढरा छाप आला. ही म्हणाली एवढ्या लांब येऊन झेरॉक्स बघितली.

तर माझे प्रश्न. एक म्हणजे एकच चित्र इतक्यांदा काढायचं कारण काय, आपल्याकडे कॅलेंडर छापतात तसंच नाही का हे? मग ओरिजिनल कशाला म्हणायचं? आणि दुसरं, तिथल्या पाट्यांवर जिथेतिथे प्रभाव लिहिलेले. क्रोग म्हणून कोणी गुरू, मग फ्रेंच लोक, मग गोगँ, मग जपानी छापे. इतक्या जणांचा प्रभाव असेल तर ह्या माणसाचं स्वतःचं असं काय उरलं? कुचकटपणे विचारत नाहीये, खरंच कळत नाही म्हणून विचारतोय.

शाईचे_डाग
काका, ओ की ठो कळत नाही म्हणता आणि प्रश्न असा विचारता की आमच्या व्हायव्हाला बाहेरचे एक्झामिनर यायचे ते विचारायचे :) मी जेजे स्कूल ऑफ आर्टला प्रिंटमेकिंग (छापचित्रं) केलंय, त्याला आता वीसेक वर्षं झाली, सध्या शाळेत शिकवते त्यामुळे लांबण लावायची सवय आहे, सांभाळून घ्या.

आधी ओरखड्यांचं बोलू कारण सगळी गोम तिथेच आहे. तुम्ही नॅशनल म्युझियममध्ये बघितलंत ते पहिलं, १८८५-८६ चं, मुंक तेव्हा जेमतेम बावीसचा. त्याची आई तो पाच वर्षांचा असताना क्षयाने गेली, नंतर १८७७ ला मोठी बहीण सोफी, पंधरा वर्षांची, तीही क्षयानेच. चित्रासाठी बसलेली मुलगी सोफी नव्हे, ती बेट्सी नावाची दुसरीच मुलगी, पण ती मान खाली घातलेली बाई म्हणजे त्याची मावशी कारेन, आई गेल्यावर हिनेच सगळ्या भावंडांना वाढवलं. म्हणजे बघा, प्रत्यक्षात जी सोफीच्या उशाशी बसली असेल तिलाच परत बसवलंय. आणि हे चित्र त्याने कितीतरी वेळा रंगवलं, खरवडलं, पातळ रंग ओघळू दिला, परत रंगवलं. नंतर लिहून ठेवलंय त्याने की मला तो पहिला ठसा पकडायचा होता आणि तो निसटत होता. त्यातच एक मजेशीर गोष्ट लिहिलीय, की बघताना स्वतःच्या पापण्यांची सावली पण मध्ये येते हे त्याच्या लक्षात आलं, तर त्या पापण्यासुद्धा त्याने चित्रात पुसट सावल्यांसारख्या ओढल्या. डोळे भरून आलेले असताना किलकिले करून बघा एखाद्या दिव्याकडे, म्हणजे कळेल काय म्हणतोय तो. १८८६ ला प्रदर्शनात लावलं तेव्हा नाव नुसतं 'अभ्यासचित्र' असं दिलं होतं, आणि लोक समोर उभे राहून हसले.

आता गुरूचं. क्रिस्तियान क्रोग. त्याचं 'आजारी मुलगी' पण तुम्ही ज्या म्युझियममध्ये गेलात तिथेच आहे, लक्षात नसेल तर लेकीला फोटो पाठवायला सांगा. १८८१ च्या सुमाराचं. मुलगी खुर्चीत, अंगावर पांढरी चादर, पाठीशी उशी, हातात गुलाब आणि त्याच्या पाकळ्या गळतायत, आणि ती सरळ आपल्या डोळ्यांत बघते. क्रोगची बहीणसुद्धा अशीच गेली होती. अप्रतिम काम आहे, चादरीची एकेक चुणी दिसते. मुंकने विषय तिथूनच घेतला हे लहान पोरालाही दिसेल, उशी आणि चादर दोन्ही आहे. पण क्रोगच्या चित्रासमोर आपण पेशंटला भेटायला आलेले पाहुणे असतो, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. मुंकच्या चित्रात आपण त्याच घरातले आहोत आणि रात्रभर झोपलेलो नाही. म्हणून चादरीच्या चुण्या नाहीत तिथे, त्या अवस्थेत चुण्या कोण मोजतं. मला विचाराल तर प्रभाव हा असा असतो, गुरूची खोली घ्यायची आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसायचं. हे पहिलं चित्र मुंकने क्रोगलाच देऊन टाकलं, आणि सगळे हसत होते तेव्हा बाजूने बोलणाऱ्या थोड्या लोकांत क्रोग होता.

छापचित्रांचं नंतर लिहिते, शाळेची बस आली.

तर्कटराव
धागा चांगला आहे पण एवढं हळवं व्हायचं कारण नाही. सहा वेळा का काढलं याचं उत्तर साधं आहे, ऑर्डर होती. १८९६ चं दुसरं चित्र ओलाफ स्काऊ नावाच्या नॉर्वेजियन उद्योगपतीने मागवलं, १९०७ ला एर्नेस्ट थील या स्वीडिश बँकरने मागवलं. पैसेवाला म्हणाला मलाही तसंच पाहिजे, चित्रकाराने काढून दिलं. आपला गणपतीवाला कसा लालबागच्या राजाच्या पोझमधला वेगवेगळ्या साइझमध्ये करून देतो.

आणि तो 'वेडा कलाकार' हा शिक्का जरा बाजूला ठेवून बघा. माणूस पक्का व्यवहारी होता. १८९२ ला बर्लिनच्या कलाकारांच्या संघाने याला मानाने बोलावलं, पंचावन्न चित्रं लावली, तिथल्या बुजुर्गांना झीट आली आणि आठवड्यात मतदान घेऊन प्रदर्शन बंद. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून घरी गेला असता. हा पठ्ठ्या तीच चित्रं घेऊन जर्मनीतल्या दुसऱ्या शहरांत फिरला, लोक भानगड बघायला आले आणि तिकिटाचे पैसे याने कमावले. 'किंकाळी'च्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलंय ना, की हे एखादा वेडाच काढू शकतो, ते कुणा टवाळाने लिहिलं असं वर्षानुवर्षं मानत होते, २०२१ मध्ये नॅशनल म्युझियमनेच तपासून सांगितलं की अक्षर मुंकचंच आहे. १९०८ ला तो कोपनहेगनच्या क्लिनिकमध्ये होता, दारूने आणि नसांनी पार वाट लागली होती हे खरं, पण त्यानंतर पस्तीस वर्षं जगला, ऐंशीचा होऊन गेला, आणि शेवटपर्यंत काम करत होता.

छापचित्रांचं तर उघडच आहे. एक चित्र एकालाच विकता येतं, छाप पन्नास जणांना. त्यात तत्त्वज्ञान शोधू नका.

लाकूडतोड्या
तर्कटराव पैशाचं पटलं पण अर्धंच पटलं. पन्नास जणांना विकायचे असते तर पन्नास सारखे काढले असते की. याचे दोन छाप सारखे सापडणं मुश्किल.

मी चित्रकार नाही, हौशी सुतार आहे (दिवसा सॉफ्टवेअर, रात्री भुसा, बायकोच्या शिव्या). लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर मुंकच्या वुडकटवर (लाकडी ठोकळ्यावरून काढलेला छाप) एक व्हिडिओ बघितला आणि डोकं फिरलं. त्याचं काय होतं, जपानी लाकडी छापात प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. समुद्राचा निळा एक, कपड्याचा लाल एक, काळ्या रेषांचा एक, आणि सगळे एकाच कागदावर एकावर एक बरोब्बर बसले पाहिजेत, केसभर हललं की गेलं. चित्रकार वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पिढ्यान् पिढ्या तेच करणारे लोक ते. मुंकला हे काही जमलं नसतं आणि धीरही नव्हता. त्याने काय केलं तर एकच फळी घेतली, चित्र कोरलं, आणि मग त्या फळीचेच करवतीने तुकडे केले! समुद्र एक तुकडा, बाई एक तुकडा. प्रत्येक तुकड्यावर वेगळी शाई लावायची, लहान मुलांच्या कोड्यासारखे परत जुळवायचे आणि एका दाबात सगळे रंग छापायचे. मला हे बघून इतका आनंद झाला कारण हा अस्सल सुताराच्या डोक्यातला जुगाड आहे.

मी करून बघितलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मशीनच्या पॅकिंगच्या खोक्याच्या पाईनच्या फळ्या आणल्या, किलोवर मिळतात. त्यातली एक निवडली, ओली केली आणि तारेच्या ब्रशने शिरांच्या दिशेने घासली. पाईनमध्ये मऊ आणि टणक असे पट्टे एकाआड एक असतात, मऊ झिजतात आणि टणक शिरा वर उठतात, बोट फिरवलं तर कॉर्डरॉयची पँट वाटते. मग समुद्राकडे तोंड करून उभी बाई आणि पुरुष, त्याचं १८९९ चं प्रसिद्ध वुडकट आहे 'दोन माणसं, एकटी' त्याची माझ्या परीने नक्कल काढली, बाईला बारीक करवतीने गोल कापून बाहेर काढलं (अडीच तास, तीन पाती), तिला तांबडी शाई, बाकीच्याला निळी, जुळवलं, वर ओलसर हातकागद आणि पाठीमागून लाकडी पळीने घासलं. कागद उचलला आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. एक म्हणजे समुद्र मी कोरलाच नव्हता, तो फळीच्या शिरांनीच आणला, आडव्या लाटा फुकट. आणि दुसरं म्हणजे बाईच्या भोवती पांढरी रेघ. करवतीचं पातं जेवढं लाकूड खातं ना तेवढी फट राहते, तिथे शाई लागत नाही, कागद कोरा. त्यामुळे बाई चित्रात आहे पण चित्रापासून सुटलेली आहे, आणि शेजारचा पुरुष मात्र मुंकने किनाऱ्याच्या तुकड्यातच ठेवलाय, तो कापलेला नाही. दोघं शेजारी उभे आणि मध्ये करवतीची रेघ.

तर्कटराव
भाऊ, ती रेघ पात्याच्या जाडीची आहे. एकटेपणाची नाही. करवत वापरली की फट राहणारच, त्याला इलाज नव्हता म्हणून राहिली. उद्या म्हणाल माझ्या दाराला फट आहे ती अस्तित्ववादी आहे.

लाकूडतोड्या
हाहा, माझ्या दाराची फट बायकोच्या मते आळशीपणाची आहे. पण इलाज होता. भुसा आणि फेविकॉल (त्याच्याकडे सरस असेल) भरून फट बुजवता येते, किंवा छापल्यावर ब्रशने रंग लावून झाकता येते, ब्रश तर त्याच्या हातात होताच. त्याच कापलेल्या तुकड्यांवरून पुढे कित्येक वर्षं छाप काढत राहिला, दर वेळी वेगळ्या शाया, आणि रेघ राहू दिली. पहिल्यांदा राहिली ते पातं, नंतर ठेवली तो मुंक. एवढंच म्हणणं आहे.

'चुंबन' नावाचं वुडकट बघा तुम्ही, १९०२ च्या सुमाराचं. दोन माणसं मिठीत, चेहरे एकमेकांत विरघळलेत, एकच काळा आकार. आणि पाठीमागे काही नाही, नुसती एक वेगळी साधी फळी शाई लावून छापलीय, उभ्या शिरा आणि गाठीसकट. घराची भिंत म्हणा, पाऊस म्हणा, काय हवं ते म्हणा. आमचा सुतार ते बघून म्हणाला साहेब फळी चांगली होती, वाया घालवली.

शाईचे_डाग
आले परत. लाकूडतोड्या, तो छाप इथे टाका ना, बघायचाय!

काकांचा जपानी आणि गोगँचा प्रश्न यातच आलाय खरं तर. मुंक १८९६ ला पॅरिसमध्ये होता तेव्हा तिथे जपानी छाप्यांची लाट होती, मोठे सपाट रंग, कडेला कापलेल्या आकृत्या, हे सगळ्यांनीच उचललं. आणि गोगँ या फ्रेंच चित्रकाराने त्याच्या दोन-तीन वर्षं आधी ताहितीवरून आल्यावर वुडकट केले होते, मुद्दाम खरबरीत, पटाशीच्या खुणा दिसतील असे. तोवर युरोपात लाकडावर कोरणं म्हणजे मासिकांसाठी फोटोसारखी बारीक कारागिरी. गोगँने म्हटलं लाकूड लाकडासारखं दिसू द्या. मुंकने जपान्यांकडून सपाट रंग घेतला आणि त्यांचे दहा ठोकळे टाकून दिले, गोगँकडून खरबरीतपणा घेतला आणि त्याची बेटं, देव, दंतकथा सगळं टाकून दिलं. घेतलं काय याच्याइतकंच टाकलं काय तेही बघावं लागतं, पाटीवर फक्त घेतलेलं लिहितात.

पण काका, पाटीवर एक नाव कदाचित नसेल ते मी सांगते कारण तो चित्रकारच नव्हता. हान्स येगर, ओस्लोचाच लेखक, तेव्हा ओस्लोला क्रिस्तियानिया म्हणायचे, तिथल्या बंडखोर टोळक्याचा पुढारी, पुस्तकापायी तुरुंगात जाऊन आलेला. त्याचं म्हणणं, आपलं स्वतःचं आयुष्य लिहा, लाजलज्जा सोडून लिहा. मुंकच्या घरी वडील लष्करातले डॉक्टर, कमालीचे धार्मिक, आणि मुलगा असल्या माणसाबरोबर कॅफेत बसतोय. कल्पना करा घरचं वातावरण. मुंकने तंत्र बऱ्याच जणांकडून घेतलं पण काय काढायचं हे माझ्या मते येगरकडून घेतलं. त्याचं ते नेहमी सांगितलं जाणारं वाक्य आहे ना, मी बघतो ते काढत नाही, बघितलं होतं ते काढतो. त्यात सगळी भानगड 'होतं' मध्ये आहे. समोर मॉडेल बसलं तर चित्र एकदा होतं. आठवणीवरून काढायचं तर ती दर दहा वर्षांनी वेगळी येते, सहा चित्रं होणारच. १८८५-८६ च्या पहिल्यापासून १९२७ च्या शेवटच्यापर्यंत चाळीस वर्षं जातात.

तर्कटराव, ऑर्डरी होत्या हे मान्यच. पण १९२५ आणि १९२७ ची जी दोन आहेत ती विकली नाहीत त्याने, मरेपर्यंत घरात होती, म्हणूनच ती मुंक म्युझियममध्ये आली, कारण १९४४ ला जाताना जवळचं सगळं त्याने ओस्लो शहराच्या नावाने करून ठेवलं होतं. लंडनचं जे आहे ते आधी ड्रेस्डेनला होतं. नाझींनी १९३७ ला जर्मन म्युझियममधून मुंकची ब्याऐंशी कामं 'विकृत कला' म्हणून काढली, त्यात तेही गेलं, मग ओल्सेन नावाच्या नॉर्वेजियन जहाजमालकाने घेऊन टेट गॅलरीला दिलं.

आता छापाचं, माझा आवडता भाग. त्याने पहिल्यांदा ही मुलगी पत्र्यावर काढली १८९४ ला, बर्लिनमध्ये. ड्रायपॉइंट. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ॲसिड वगैरे काही नाही, पोलादी सुईने सरळ ओरखडायचं. सुई जाते तिथे कडेला धातूची बारीक कड उठते, शेतात नांगराच्या तासाला माती उठते तशी, आणि त्या कडेत शाई धरून बसते म्हणून रेघ मखमली, जरा फुगलेली येते. पंधरावीस छाप काढले की कड दबते, मखमल जाते. आठ वर्षांपूर्वी ज्या ओरखड्यांना लोक हसले, ते ओरखडेच इथे चित्र झाले! मला कुणी पुस्तकात हे सांगितलं नव्हतं, जेजेत पहिला ड्रायपॉइंट करताना हात दुखायला लागला तेव्हा सुचलं की अरे हा माणूस कॅनव्हासवर हेच करत होता, त्याच्याकडे पत्रा नव्हता एवढंच. चूक असेन तर असेन.

आणि तुम्ही बघितलेलं लाल आणि पिवळं डोकं ते लिथो, १८९६, पॅरिसला ओग्युस्त क्लो नावाच्या छपाईवाल्याकडे. लिथोत दगडावर चिकट खडूने काढतात, रंगागणिक दगड. पाउल हेरमान म्हणून एक चित्रकार तिथे आपलं काम छापायला गेला होता, त्याने सांगितलेली गोष्ट आहे. त्या मुलीच्या डोक्याचे दगड ओळीने मांडलेले, छापायला तयार. मुंक आला, दगडांसमोर उभा राहिला, डोळे घट्ट मिटले आणि हवेत बोट फिरवत सांगायला लागला, छाप, करडा, हिरवा, निळा, तपकिरी. डोळे उघडले आणि हेरमानला म्हणाला चल एकेक पेग मारून येऊ. आले, परत डोळे मिटले, पिवळा, गुलाबी, लाल. छपाईवाला बिचारा छापतोय.

आता काका, तुमच्या कॅलेंडरवर येते. त्याच १८९४ साली आपल्याकडे गिरगावात राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मशीन आणि तंत्रज्ञ जर्मनीचे, पद्धत लिथोचीच, रंगागणिक दगड. म्हणजे दोघांच्या हातात हत्यार एकच. रविवर्म्यांना लक्ष्मी घराघरात न्यायची होती, त्यामुळे नगरच्या घरातली लक्ष्मी आणि नाशिकच्या घरातली लक्ष्मी हुबेहूब सारखी पाहिजे, तांबडी साडी म्हणजे तांबडीच. ती त्यांची मोठी कामगिरी, माझ्या आजीच्या देवघरात होती ती. मुंकने तेच दगड वापरले आणि उलटा गेला, दगड तेच पण आज पोरगी तापाने फणफणलीय, उद्या विझलीय. म्हणून कॅलेंडर नाही म्हणता येत. आणि ओरिजिनल कुठलं या प्रश्नाला आमच्या लाइनमध्ये उत्तर असं की ठोकळा किंवा दगड हे ओरिजिनल नाही, त्यावरून कलाकाराने स्वतः काढलेला किंवा काढून घेतलेला प्रत्येक छाप ओरिजिनल. ताईंना सांगा झेरॉक्स नव्हती ती. उलट 'किंकाळी' जगात आधी पोचली ती त्या १८९५ च्या काळ्या छापानेच, पॅरिसच्या मासिकातही तोच आला होता. रंगीत आकाश काढून टाकलं तर नुसत्या रेघा किंचाळतात की नाही बघा.

मिरजकर_मावशी
फक्त वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. माझ्या आजीची धाकटी बहीण १९४० च्या आसपास मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये होती. तेव्हा औषध नव्हतंच, मोकळी हवा, दूध, अंडी. आजी सांगायची की घरी असताना तिच्या उशा आई सारख्या बदलायची, पांढरे अभ्रे, कारण त्यावर डाग लगेच दिसला पाहिजे. मी ते चित्र आत्ता शोधून बघितलं आणि ती उशी बघून तेच आठवलं. तिथे मुलीच्या केसांचा रंग सोडला तर बाकी सगळं कसं विटलेलं आहे. आजी तिची गोष्ट आम्हाला दहा वेळा तरी सांगायची आणि दर वेळी थोडी वेगळी. कधी ती पावसाळ्यात गेली, कधी दिवाळीच्या तोंडावर. आम्ही हसायचो तिला.

तर्कटराव
मावशी, आता यावर वाद कसा घालू.

एक भर घालतो फक्त. प्रभाव उलटाही वाहिला. १९०५ ला ड्रेस्डेनमध्ये किर्शनर, हेकेल वगैरे तरुण चित्रकार पोरांनी 'पूल' नावाचा गट काढला, त्यांचे खडबडीत वुडकट बघितले की मुंक दिसतो, पण किर्शनर जन्मभर म्हणत राहिला की माझ्यावर मुंकचा काही प्रभाव नाही. तेव्हा काका, पाट्यांवरच्या प्रभावांवर जाऊ नका, जो कबूल करतो त्याच्यावर कमी असतो आणि जो नाही म्हणतो त्याच्यावर जास्त.

पेन्शनर_डोंबिवलीकर
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. शाईताई, हिला वाचून दाखवलं, झेरॉक्सचं विधान तिने मागे घेतलंय पण तिकीट महाग होतं यावर ठाम आहे.

लेकीने क्रोगचा फोटो पाठवला. मी त्याच्यासमोरून नक्की गेलो असणार, तो गुलाब अंधुक आठवतोय, पण थांबलो नव्हतो. ओरखड्यांचा पण फोटो मी मोबाईलवर काढला होता, खराब झालंय म्हणून जावयाला दाखवायला, आज तो मोठा करून बघितला. उशीच्या वरच्या बाजूला खरवडून कॅनव्हासचे धागे दिसतायत आणि त्याच्यावरून परत पातळ हिरवट रंग ओघळलाय. पापण्या काही सापडल्या नाहीत मला. चष्मा काढून बघितलं तेव्हा मात्र वाटलं की आहेत.

लाकूडतोड्या साहेब, नातू दहावीत आहे, त्याला वुडकट करून बघायचाय. घरी सहा एमएमचा प्लाय पडलाय, चालेल का?

लाकूडतोड्या
कोरायला चालेल पण कापताना वरचा पापुद्रा उडतो आणि शिरा फारशा उठत नाहीत, सगळी मजाच जाते. खोक्याची पाईनची फळीच आणा, गाठ असलेली मागा, दुकानदार वेड्यात काढेल पण स्वस्तात देईल. आणि करवत लावायच्या आधी खिळे शोधून काढा, माझं तिसरं पातं त्यातच गेलं.